चिठ्ठीवरचा तीनशेचा आकडा

जबाब देणार : थोरले स्पीकरवाले (गल्लीत याच नावाने ओळख), वय ५८ वर्षे, धंदा गाड्यांचे स्पीकर विकणे व बसवणे, राहणार दुकानाच्या माडीवर.

मी समक्ष हजर होऊन विचारल्यावरून सांगतो की, माडीखालचे दुकान आमच्या वडिलांचे. ते गेल्यावर मी व माझा धाकटा भाऊ, जो आत्ता समोरच्या बाकावर माझ्याकडे पाठ करून बसला आहे, असे दोघे मिळून ते चालवत होतो. एके दिवशी एका गिऱ्हाइकाने विचारले की, आधी स्पीकर निवडायचा की अ‍ॅम्प्लिफायर? मी म्हणालो स्पीकर. धाकटा म्हणाला अ‍ॅम्प्लिफायर. गिऱ्हाईक काहीच न घेता गेले, वाद मात्र दुकानातच राहिला. त्या दिवसापासून सहा वर्षे आम्ही एकमेकांशी बोलत नाही. दुकानाच्या मधोमध प्लायवूड ठोकले आहे. स्पीकर माझ्या बाजूला, अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या बाजूला. स्वयंपाकघर मात्र एकच आहे, कारण आमच्या बायकांनी भांडायला साफ नकार दिला.

धंद्याची पद्धत अशी की, गिऱ्हाईक आधी माझ्याकडे येते. (म्हणजे माझेच खरे ठरले, हे कृपया लिहून घ्यावे.) स्पीकर पसंत झाला की मी चिठ्ठीवर त्याचे ओहम आणि वॅट लिहितो. गिऱ्हाईक माझ्या शटरमधून बाहेर पडून धाकट्याच्या शटरमध्ये शिरते आणि तो चिठ्ठी पाहून तेवढ्याच ताकदीचा जोडीचा अ‍ॅम्प्लिफायर देतो. खोक्यावर छापलेला मोठा आकडा खरा धरायचा नसतो. कुत्रा मागे लागल्यावर माणूस क्षणभर पळतो, तसला तो आकडा. रोजच्या चालीचा आकडा खाली बारीक अक्षरात असतो आणि चिठ्ठीवर तोच लिहायचा, ही वडिलांची शिकवण. इतक्या वर्षांत माझी एकही चिठ्ठी चुकलेली नाही.

गेल्या सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास ड्रायव्हिंग स्कूलच्या बाई आल्या. शिकाऊ लोकांवर ओरडून त्यांचा घसा बसला होता. म्हणून 'क्लच दाबा', 'ब्रेक दाबा' अशा सूचना त्यांनी टेप करून घेतल्या होत्या व त्या गाडीत वाजवायच्या होत्या. मी दारात बसणारे लहान स्पीकर दिले. चार ओहम, साठ वॅट. चिठ्ठीवर मी खोक्यावरचा आकडा लिहिला, तीनशे.

का लिहिला, असे साहेबांनी तीनदा विचारले. पहिल्यांदा मी सांगितले की चष्मा नव्हता. साहेबांनी सोमवारचाही चष्मा हाच का, असे विचारले, तेव्हा मी नाकावरचा चष्मा काढून पुसू लागलो. दुसऱ्यांदा मी पाणी मागितले. तिसऱ्यांदा सांगतो ते खरे आहे.

लहानपणापासून माझी चूक सापडली की धाकट्याला राहवत नाही. दाराच्या स्पीकरला तीनशे वॅट पाहून तो पाय आपटत माझ्या बाजूला येईल आणि "दादा, डोकं ठिकाणावर आहे का?" असे विचारेल, असा माझा अंदाज होता. प्लायवूडमधून मला त्याची शिंक ऐकू येते, खोकला येतो, गिऱ्हाइकाशी हसणे येते. 'दादा' तेवढे येत नाही. मी त्याच्यासाठी स्टूलसुद्धा पुसून ठेवले होते.

तो आला नाही. पलीकडून बाईंचा प्रश्न ऐकू आला, "अहो, एवढा मोठा लागेल का? एकदा बघून घ्या ना." त्यावर धाकटा म्हणाला, "थोरल्यांनी लिहिलंय ना? मग त्यात बघायचं काय!"

हे ऐकून मला इतके बरे वाटले की चूक सांगायची राहूनच गेली. गुन्हा असेल तर तो एवढाच आहे.

दुकानात आवाज लहान ठेवून तपासणी झाली, तेव्हा सगळे ठीक वाजले. आज सकाळी याच ठाण्यासमोरच्या मैदानात एक शिंपी गाडी शिकत होते. त्यांना कमी ऐकू येते, म्हणून त्यांनी बटण पूर्ण फिरवले. 'ब्रेक दाबा' ही सूचना अशी निघाली की त्यांनी स्टिअरिंग सोडून दोन्ही कान दाबले. दाराच्या स्पीकरमधून धूर आला. गाडी ठाण्याचा फलक व हवालदारसाहेबांची सायकल यांना धडकून थांबली. कोणास इजा नाही. हवालदारसाहेब सायकलबद्दल काही बोलले, ते जबाबात घेतलेले नाही.

अ‍ॅम्प्लिफायर धाकट्याने बसवला म्हणून त्याला धरून आणले आहे. त्याने आल्यापासून चिठ्ठीचा उल्लेख केलेला नाही, आणि ती त्याच्या पँटच्या मागच्या खिशात आहे हे मला इथून दिसते आहे. त्याचा काही दोष नाही. दोष माझा एकट्याचा आहे. त्याला सोडावे.

जबाब मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. 'सहा वर्षे' या शब्दांपाशी बाकावरील इसमाने मान न वळवता "सहा वर्षं चार महिने, दादा" असे सांगितल्याने ती दुरुस्ती येथे नोंदवली आहे. दुरुस्ती मला मान्य आहे. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे.