निखारा न सांडणारं धुपाटणं

आमचं मूळ गांव कुठलं म्हणून विचारतां, तर काय सांगू तुम्हांस, ते आमच्या आज्यासही ठाऊक नव्हतं. राजांच्या मागं कुणी एक आला आणि तंजावरास राहिला, एवढंच. आज्याचे बाबा दप्तरात मोडी लिहीत म्हणे, मग राज्य गेलं, मोडी गेली, आमचे बाबा सुंदरपेरुमाळ कोयिल या गांवात शेत पाहात राहिले, तिथं मी जन्मलें. हसूं नका, आमचं बोलणं ऐकून तुमच्या तिकडचे लोक हसतातच, तुमची पणजी बोलते असं वाटतं म्हणतात. नांव ठेवलं अंबुजा. ठेवलं आणि ठेवूनच दिलं, कुणी वापरलं नाहीं. माहेरी मी धाकटी, आणि लग्न होऊन कुंभकोणास मेलकावेरीत आलें तर रस्ताभर रायरवीट्टम्मा, म्हणजे रायरांच्या घरची बाई. आम्हां मराठ्यांस इथं रायर म्हणतात. रेशनच्या कार्डावर देखील मी अमक्यांची बायको. पण माझं वाईट चाललं होतं असं नव्हे हो, हे वकिलांकडे गुमास्ते, स्वभाव थंड, सासू बोलायची पण पोटभर वाढायची, आणखी काय पाहिजे बाईस.

तर धुपाटण्याचं विचारलंत. इथं मंगळवार शुक्रवार बायकांचं न्हाण, डोईस तिळाचं तेल, मग शिकेकाई, आणि ओल्या केसांस सांब्राणीचा धूप. तुमच्याकडे ऊद म्हणतात तेच. मडक्यात निखारे घालायचे, वर सांब्राणी टाकायची, त्यावर वेताची टोपली पालथी आणि टोपलीवर केस पसरून मान वाकडी करून पडायचं. नाहीं तर दांड्याचं पितळी धुपाटणं हातात धरून कुणीतरी मागून फिरवायचं. आमच्या पद्मास, माझ्या लेकीस, गुडघ्यापर्यंत केस होते, चौदा वर्षांची होती तेव्हां. मी धुपाटणं फिरवीत होतें, सासूनं आंतून हांक मारली, मी मान वळवली, हात कलला आणि निखारा पडला तो पोरीच्या केसांत. वीतभर केस करपले. तो वास, काय सांगू तुम्हांस, अजून नाकात आहे. पोर रडली नाहीं, मीच रडलें. सासू म्हणाली हातास वळण नाहीं हिच्या. मला राग आला तो सासूचा नव्हे, त्या धुपाटण्याचा. एवढी भांडी घडवणारं हे गांव, इतकी वर्षं बायका न्हातात, आणि कुणास वाटलं नाहीं कीं हात कलला तरी निखारा पडू नये.

मग मी जिथं तिथं तेच पाहूं लागलें. विहिरीवर उभी होतें, बादलीची कडी धरून. कडी इकडे केली, तिकडे केली, बादली आपली सरळच. पाणी हललं पण सांडलं नाहीं. तशीच ओल्या पायांनी घरांत आलें आणि यांस म्हटलं, अहो, दांड्यास दोन फांटे करायचे, मध्यें वाटी दोन खिळ्यांवर टांगायची, कडीत बादली टांगते तशी, आणि वर भोकांचं झांकण. हे जेवत होते. भात तसाच ठेवून उठले, कागद आणला, उजव्या हाताची आमटी वाळून गेली तरी डाव्या हातानं रेघा ओढत बसले. मी म्हटलं आधी जेवा. म्हणाले तूं बोल, मी काढतों.

वेलू आसारी म्हणून पितळेचं काम करणारा म्हातारा होता, त्यानं घडवलं. पहिलं घडवलं तर झांकणच पडलं, दुसऱ्याचा तळ इतका तापला कीं हात धरवेना, मग त्यानं खाली आणखी एक तळ लावला, मध्यें वारा जायला फट ठेवली. तिसरं मात्र नीट झालं. उलटंसुलटं केलं तरी वाटी सरळ. आसारी म्हणाला अम्मा, चाळीस वर्षं हातोडी मारतों, हे मला सुचलं नाहीं. मी लाजलें आणि त्यास ताक दिलं. हा चांगला झाला नमुना म्हणून मी त्यास आणखी पांच करायला सांगितलीं.

इकडे यांनी वकिलांस चित्र दाखवलं. वकील म्हणाले रायर, याचं पेटंट घ्या, कलकत्त्यास अर्ज करायचा, सरकारचा शिक्का येतो, मग दुसऱ्या कुणास हे करून विकतां येत नाहीं. कुणास सुचलं त्याचं नांव घालायचं. हे म्हणाले बायकोस सुचलं. वकील म्हणाले मग बायकोचं घाला. संध्याकाळीं घरीं आल्यावर यांनी मला अर्जाचा कागद दाखवला, त्यावर इंग्रजीत अंबुजाबाई, टाइप करून. मला इंग्रजी येत नाहीं, तरी मी त्या अक्षरांवर बोट फिरवलं. खोटं कशाला बोलूं, मला हवं होतं ते. पैसा नको, पण ते नांव हवं होतं. हे म्हणाले आता एकच पाळायचं, अर्ज जाईस्तोवर कुणास सांगूं नकोस. मी म्हटलं शपथ, नाहीं सांगत.

आणि नाहींच सांगितलं. पण मधें नवरात्र आलं. आमच्यात रीत आहे, घरीं नवं कांहीं झालं, शेतांतला तांदूळ असो, घरचं मीठलोणचं असो, पहिलं विकायचं नाहीं, पहिलं आपण वापरायचं नाहीं, पांच सुवासिनींस वाण द्यायचं. आसारीकडून पांच आलीं तीं नेमकीं त्या आठवड्यांत. इथल्या रीतीनं नवरात्राच्या बाहुल्या पायऱ्यांवर मांडल्या होत्या, बायका हळदीकुंकवास आल्या, मी विडा, नारळ आणि एकेक धुपाटणं ओटींत घालून सोडलं. सांगितलं कुणास नाहीं हो. नुसतं दिलं.

नवरात्र सरलं, हे हसत घरीं आले, म्हणाले अर्ज उद्यां जायचा, वकिलांनी विचारलं ही वस्तू अजून कुणाच्या हातांत गेली आहे का, गेली असली तर पेटंट नाहीं, जगास कळलेली झाली ती. यांनी वकिलांस सांगून टाकलं होतं, छे, आमच्या घराबाहेर गेलीच नाहीं. मी चुलीपुढं बसलें होतें. ओटींत घातलेलीं पांचही डोळ्यांपुढं आलीं.  मनाशीं म्हटलं सकाळीं जाऊन पांचीही परत आणूं, बायकांस सांगूं कीं दोष राहिला आहे, नीट करून देतें.

सकाळीं पहिल्यानं कमलाक्काकडे गेलें, दोन घरं सोडून. तिची लेक बाळंत झाली होती. आंत गेलें तर बाळास न्हाऊं घातलेलं, कमलाक्का मांडीवर घेऊन त्याच्या जावळास धूप देत होती, माझ्याच धुपाटण्यानं. एका हातानं बाळ, एका हातानं दांडा, आणि डोळे माझ्याकडे, दांडा कसा कलला आहे तिकडे लक्षच नाहीं. वाटी सरळ. मला म्हणाली, अंबुजा, बाळाजवळ निखारा न्यायला मला आजवर भीती वाटायची गं, तुझे हात सोन्याचे. तिच्या तोंडीं माझं नांव आलं आणि मी रडायलाच लागलें. तिला वाटलं पद्माच्या केसांची आठवण झाली. ते कसलं परत मागतें मी. आणि दिलेलं वाण कुणी परत घेतं का, सांगा तुम्हीच.

घरीं येऊन यांस सगळं सांगितलं. हे तिण्णैवर, म्हणजे पुढच्या ओट्यावर, बसले ते बसलेच. मग म्हणाले, कलकत्त्यास कोण सांगायला जातं, कमलाक्का का जाते, तूं सही कर. यांनी आयुष्यांत खोटा कागद केला नाहीं, तरी माझ्यासाठी करायला निघाले होते, ते मी विसरत नाहीं. पेन हातांत दिलं. मी म्हटलं अहो, माझ्या नांवाची ही पहिली सही, आणि ती खोट्याखाली करूं? नाहीं करणार. ओरडले, मग म्हणाले शरि, बरं तर. कागद घडी घालून पेटींत ठेवला. तीन दिवस आमटींत मीठ कमी आहे कीं जास्त तेही बोलले नाहींत. मला वाटलं होतं तेवढं सोपं नव्हतं ते, मीही दोन रात्री उशी भिजवली. पण चवथ्या दिवशीं शुक्रवार होता, पद्मा न्हाली, यांनी स्वतः निखारे आणून दिले.

पुढं काय व्हायचं ते झालं, कमलाक्काचं पाहून तिच्या भावजयीनं करवलं, तिचं पाहून दारासुरमच्या विणकरणींनी, आणि वर्षाच्या आंत भांड्यांच्या दुकानांत टांगलेलीं दिसूं लागलीं. ह्यांचा जीव चडफडे. मला बरं वाटायचं, आणि थोडं टोचायचंही, दोन्ही.

आता पद्माचं लग्न झालं, गेल्या महिन्यांत तिचं डोहाळजेवण केलं. तिला द्यायला नवं धुपाटणं हवं, वेलू आसारीचा हात आता थरथरतो, म्हणून आम्ही दोघं दुकानांत गेलों. दुकानदार मला समजावून सांगूं लागला, बघा अम्मा, असं कलवा, तसं कलवा, निखारा पडत नाहीं, अस्सल माल. मी शहाण्या मुलीसारखी ऐकत होतें. दांड्यावर इंग्रजींत कांहीं ठोकलं होतं. यांनी वाचलं आणि यांचं तोंड लाल झालं. पेटंट असं लिहिलं होतं. कुणाचं नांव नाहीं, गांव नाहीं, नुसतं पेटंट. मी यांचं उपरणं ओढलं, म्हटलं भांडूं नका, तो बिचारा विकतो नुसता. दुकानदारानं छिन्नी उचलली, इथं भांडं घेतलं कीं नांव घालून देतातच, म्हणाला कुणाचं नांव घालूं, रायर, तुमचंच ना? आमच्या घरांतलं एकएक पातेलं सासऱ्यांच्या नाहीं तर यांच्या नांवाचं आहे. हे म्हणाले, अंबुजाबाई. त्यानं विचारलं हें लेकीचं नांव का. हे म्हणाले नाहीं, जिला हे सुचलं तिचं. तो हसला, त्यास थट्टा वाटली, आणि टकटक करून घालून दिलं, त्या इंग्रजी अक्षरांच्या बरोबर खालीं.

ते मी पद्मास दिलं नाहीं, खरं सांगतें. तिच्यासाठी दुसरं घेतलं. देवानं मला कांहीं कमी केलं नाहीं, तुमचंही भलं करो, लांबून आलांत, कॉफी घेतल्याशिवाय उठायचं नाहीं. ते बघा, खुंटीस आहे, काढा खालीं. तुम्हांस वाचतां येणार नाहीं, तमिळ अक्षर आहे. द्या इकडे, मी वाचून दाखवतें.