समुद्राचा पंचनामा

हसू नका, पण आमच्या लोहाऱ्याच्या भागवतनं समुद्राचासुद्धा पंचनामा केलाय.

कॉलेजची सहल मालवणला गेलती. तोंडात नळी धरून पाण्यावर पालथं तरंगायचं, खाली प्रवाळ बघायचे आणि आजारानं पांढरे पडलेले किती, ते पाटीवर लिहायचं. विहिरीत पोहायला शिकलेली पोरं आमी, तरंगणं झकास जमलं.

परत नावेत चढल्यावर मॅडमनी भागवतची पाटी वाचली अन् त्या घाबरल्याच.

"सगळे खराब? अरे, मी आत्ताच बघून आले, छान रंगीत आहेत की!"

"व्हय मॅडम, लई भारी हायत."

"मग असं का लिहिलंस?"

"पिकाच्या पंचनाम्यात नुकसान कमी लिहिलं, तर पुढं कुणी दखल घेत न्हाय, मॅडम."

मॅडम हसत हसत नावेतच खाली बसल्या. मग भागवतला परत पाण्यात सोडलं. या खेपेला त्यानं खरं तेच लिहिलं, थोडेच पांढरे, बाकी ठणठणीत.

गावी आल्यावर त्यानं मोठ्या हौसेनं हे आबांना, म्हणजे त्याच्या वडिलांना सांगितलं. आबांनी कपाळाला हात लावला.

"आरं, खरं लिहून आलास? आता त्या समुद्राला कोण इचारणार!"