दगडूमामा आणि पंच

‘पंच’ म्हटलं की मला आमचे दगडूमामाच आठवतात. मामा हिंगोलीकडच्या गोरेगावचे पंच, गावातले निवाडे करणारे, दारूच्या थेंबालाही न शिवणारे. दोन हजार सालाच्या आसपास आम्ही हिंगोलीत एका लग्नाला गेलो. नवरदेवाच्या पुण्याच्या दोस्तानं टेबलावर मोठं भांडं मांडलेलं, वर चिठ्ठी ‘पंच’.

मामा खूश झाले. “पंचायसाठी वेगळी सोय केली बघ!” उन्हातून आलेले, तीन गिलास प्याले.

मी दोस्ताला विचारलं, “हे कसलं सरबत?”

“आपलाच शब्द आहे. पंच म्हणजे पाच. पाणी, साखर, लिंबू, मसाला आणि रम. इंग्रजांनी नाव इथूनच नेलं म्हणतात.”

“रम म्हंजे?” मामांनी विचारलं.

“दारू, काका.”

मामांनी गिलास खाली ठेवला. “आता कोन्या तोंडानं निवाडा करू?” म्हणत ते जीपमध्ये जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी पारावर गावासमोर उभं राहून त्यांनी सांगितलं, “मी दारू प्यालो. दंड सांगा.”

म्हातारी गंगाबाई बोलली, “कशाचा दंड? तुमी न कळता पेले, तरी दारू म्हनून कबूल केलं. माझा नवरा तीस वर्सं पेला, पन कधी दारू म्हनला न्हाई. औषीद म्हनायचा.”