दामूकाकांच्या चष्म्याचा नंबर

चष्म्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. आमच्या दिवेआगरचे दामूकाका सुतार. वय सत्तरीचं. देवळाच्या नव्या पालखीवर कमळं कोरत होते, पण पाकळीची कड दिसेना, म्हणून काम सोडायच्या बेतात होते. मी मुंबईहून डोक्याला बांधायचं मोठं भिंग मागवून दिलं. काकांनी ते लावलं, वाकले, आणखी वाकले आणि नाक लाकडाला टेकलं.

"रेषा न् रेषा दिसते रे," ते म्हणाले, "पण पटाशी धरू कुठं?"

मग त्यांना श्रीवर्धनला चष्म्याच्या दुकानात नेलं. तिथल्या मॅडमनी वाचायला छापील कार्ड दिलं. काकांनी ते बाजूला ठेवून पिशवीतून लाकडाचा तुकडा नि कोरायची पटाशी काढली.

"मला पेपर न्हाय वाचायचा, ताई. माझं काम इथं असतं."

मॅडमनी पट्टीने डोळ्यापासून हातापर्यंतचं अंतर मोजलं आणि एकेक काच बदलू लागल्या. काका दर वेळी लाकडावर एक काप घेऊन बघत.

"ही जोरदार हाय, पण हात जरा लांब गेला की धूसर दिसतंय. आधीची द्या."

कमी नंबरची काच ठरली, तोवर तुकड्यावर अख्खी पाकळी उमटली होती. दुकानातली माणसं उभी राहून बघत होती.

चष्मा मिळाला तसे काका थेट देवळात गेले. वर्षभर बोटांनी चाचपून कोरलेली कमळं त्यांनी एकेक करून निरखली. मी मागेच उभा होतो.

"काय काका, किती चुकलीत?"

काकांनी एका पाकळीच्या कडेवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, "बरं कोरलंय की रे मी!"