कुलूपवाल्याची बायको झोपली

…अहो, कडी नाही म्हणजे नाहीच! कोयंडा नाही, साखळी नाही, चौकटीवरून बोट फिरवून बघितलं मी, एका स्क्रूचं भोक नाही, गुळगुळीत! तुम्ही हसताय, पण मी कुलूपवाला माणूस हो, पंचवीस वर्षं दुकान आहे माझं, किल्ल्या कापून कापून अंगठा चपटा झालाय, आणि सुट्टीच्या एका दिवशी बायकोनं मला नेलं कुठं, तर जिथं कुलूप म्हणजे काय ते ठाऊक नाही अशा गावात. न्हाव्याला टकल्यांच्या गावी सहलीला नेल्यासारखं!

पण तिचाही दोष नाही. तुम्हाला सांगतो, तिला झोप नव्हती. चार वर्षांपूर्वी आमच्याकडे चोरी झाली… हो, कुलूपवाल्याच्याच घरी… आणि चोरानं कुलूप तोडलं नाही, नीट उघडलं, आणि जाताना परत लावून गेला! गल्लीत तोंड दाखवायला जागा उरली नाही. मग मी दुसरं कुलूप बसवलं, मग तिसरं, करता करता पाच झाली, आणि जसजशी कुलपं वाढली तसतशी हिची झोप उडाली. पाचही ओढून बघायची, पडायची, परत उठायची. डॉक्टर म्हणाले, "हवापालट करा." आता मी कुलूपवाला माणूस, हवा कशी पालटायची मला काय माहीत? तिनंच गाव शोधलं.

गावाला रस्ता नाही. मागे सरळसोट डोंगर, जायचं तर होडीनं, आणि मला पोहता येत नाही. डोळे मिटून फळी धरून बसलो. भर समुद्रात होडीवाल्यानं इंजिन बंद केलं. म्हटलं, संपलं! तर तो म्हणतो, "खाली बघा." बघितलं… आणि काय सांगू तुम्हाला, पाणी इतकं स्वच्छ की होडीची सावली तळाच्या वाळूवर पडलेली, सावलीत माझं डोकं, आणि डोक्यातून मासे चाललेत, अगदी सावकाश. पन्नाशीचा घोडा मी, पण फळी सोडून वाकून बघत बसलो. बायकोकडे बघितलं तर ती माझ्याही आधी वाकलेली.

गावात वीसेक घरं, आणि सगळी दारं सताड उघडी. पायरीवर एक म्हातारा जाळं दुरुस्त करत होता. विचारलं, "बाबा, चोर आला तर हो?" मान वर न करता म्हणतो, "येईल कसा?"

"होडीनं."

"होडी माझ्या पुतण्याची. जाईल कसा?"

"…होडीनंच."

"मग?"

आता या 'मग'ला कुठली किल्ली लावणार? मी कुलूपवाला माणूस हो!

तेवढ्यात एक मावशी म्हणाली, "ऊन फार आहे, त्या घरात टेका जरा. माझ्या जावेचं आहे, ती किनाऱ्यावर मासे वाळवतेय." परक्याचं घर, मालकीण बाहेर, दार उघडं… माझे पाय उंबऱ्याशीच अडले. बायको मात्र सरळ आत गेली, खाटेवर टेकली, "पाच मिनिटं हं" म्हणाली आणि झोपली. उघडं दार, दारात सगळा समुद्र, आणि माझी बायको घोरतेय! चार वर्षांत ऐकला नव्हता तो आवाज. मी उंबऱ्यावर बसून रडलो हो, खोटं कशाला सांगू.

परतीची होडी एकच, चारची. साडेतीन झाले, पावणेचार झाले… उठवू की नको? उठवलं तर ही झोप परत कुठून आणू? नाही उठवलं तर होडी जाणार. चारला होडीवाला तणतणत आला, "अहो, चला की, ओहोटी काय तुमच्यासाठी थांबणार आहे का—" आत बघितलं, चपला काढल्या, आणि माझ्या शेजारी बसला. मागून होडीतले जाडे शेटजी आले, आवाज म्हणजे नुसता भोंगा, "काय चाललंय काय, आम्हाला काय का—" घोरणं ऐकलं आणि उरलेलं कुजबुजले, "…कामं नाहीत?" बसले. मग त्यांची बायको, मग होडीतल्याच दोन मास्तरणी, मग ती मावशी, मग जाळं खाली ठेवून तो म्हातारा. आठ माणसं दारात, कुणी खोकेना. अनोळखी माणसं हो! माझ्या बायकोच्या झोपेसाठी! असलं राखण करणारं कुलूप मी जन्मात बघितलं नव्हतं.

सव्वापाचला हिनं डोळे उघडले. माना खाली घालून गप्प बसलेली आठ माणसं बघितली आणि दचकून म्हणाली, "अगबाई, कोण गेलं?"

घरी आल्यावर मी चार कुलपं काढली. एक ठेवलं, धंद्याची लाज म्हणून. तेव्हापासून ती पडल्या पडल्या झोपते, सकाळपर्यंत कूस बदलत नाही. आता मीच उठतो, दर तासाला… ते एक तरी लागलंय का बघायला.