कडक पॅड

मिस्त्री : पाय उचला काका. आता परत दाबा. दाबून धरा. पेडल खाली जातंय का?

बाबा : नाही. घट्ट आहे.

मिस्त्री : मग तेल ठीक, नळीत हवा नाही, गळती नाही. आणि तुमच्या पायालाही काही झालेलं नाही.

लेक : पाय ठीक असता तर आम्ही आलोच नसतो. गेल्या रविवारी आई फाटक उघडायला उभी होती. बाबांनी शेडमधून उतारावर गाडी सोडली आणि ती थांबलीच नाही. बंपर आईच्या गुडघ्याला लागला.

बाबा : थांबली. उशिरा थांबली.

लेक : तो फरक आईला सांगा. सूज उतरली, पण आता ती या गाडीत बसत नाही. परवा मावशीकडे बसने गेली. मिस्त्री, तुम्ही मला एवढंच सांगा, गाडीत दोष आहे की नाही. नसेल तर संध्याकाळी गिऱ्हाईक बघायला येतंय. बाबांनीही हो म्हटलंय.

मिस्त्री : काका, तुम्ही हो म्हटलंत? अठ्ठावीस वर्षांत दुसऱ्या कुणाला धुवायलासुद्धा दिली नाहीत ही गाडी.

बाबा : वय झालं, मिस्त्री. पाय कमी पडतो. मान्य करायला काय जातंय?

मिस्त्री : तुम्हाला मान्य असेल, मला नाही. सकाळी गाडी गार होती, तेव्हा मी स्वतः बसलो. इथं आवारातच सोडली आणि ब्रेक दाबला. त्या पिंपापाशी थांबायला हवी होती, ती भिंतीपाशी जाऊन थांबली. माझा पाय काही म्हातारा नाही अजून. मग मोठ्या रस्त्यावर नेली, दहा-बारा वेळा करकचून ब्रेक मारले आणि परत आणली. तीच जागा, तोच वेग. पिंपाच्या अलीकडे थांबली.

लेक : म्हणजे काय झालं?

मिस्त्री : म्हणजे गार असताना हे ब्रेक धरत नाहीत, तापले की धरतात. म्हणून चाक खोललं. हा बघा ब्रेकचा पॅड. पाठीवर लिहिलंय बारीक अक्षरात. शर्यतीच्या गाडीचा आहे. दोनशे डिग्रीच्या वर गेल्यावर कामाला लागतो. तिथे माणूस वळणावळणाला ब्रेक तापवतो, त्याला हे उत्तम. काका भाजी आणायला तीसच्या वेगाने जातात. पॅडला साधी ऊबसुद्धा मिळत नाही. चार महिन्यांत जेमतेम झिजलाय, आणि ज्या चकतीला धरतो त्या डिस्कवर मात्र रेघा ओढून ठेवल्यात.

लेक : पण गाडी जड आहे ना. दोन टनांची. जड गाडीला कडकच पॅड लागतात.

मिस्त्री : जड गाडीला पहिल्याच दाबात धरणारे लागतात, ताई. कडक म्हणजे चांगले, हे तुम्हाला कुणी सांगितलं?

लेक : कुणी नाही. हे लाल डब्यातून आले होते का?

मिस्त्री : डबा मी कुठून बघणार? मी बसवलेच नाहीत हे. काकांनी दुसरीकडे बसवून घेतले. मला तेव्हाच जरा लागलं होतं.

बाबा : तुम्ही बसवायला नाही म्हणाला असतात.

मिस्त्री : म्हणालोच असतो.

लेक : लाल डब्यातलेच आहेत. मी मागवले होते. रात्रंदिवस एकच डोक्यात, जुनी जड गाडी, बाबा आता सत्तरीला आले, तर सगळ्यात जोरदार ब्रेक हवेत.

बाबा : पाठवणाऱ्यानेच चुकीचे पाठवले असतील.

लेक : नाही. मी निवडले तेच आले. बाबा, तुम्हाला माहीत होतं?

बाबा : काय?

लेक : की हे धरत नाहीत.

(बाबा जमिनीवरचा एक नट उचलतात आणि फडक्याने पुसत राहतात.)

बाबा : पहिल्या दिवशीच कळलं.

मिस्त्री : मग काढले का नाहीत?

बाबा : ही घरी आली की पहिलं विचारायची, बाबा, ब्रेकमध्ये फरक पडला ना? मी म्हणायचो, खूप फरक पडला. ते काही खोटं नव्हतं.

मिस्त्री : आणि चालवत कसे होतात?

बाबा : गल्लीच्या टोकापर्यंत ब्रेकवर पाय ठेवूनच न्यायची. तेवढ्यात जरा तापायचे, मग पुढचं निभायचं. त्या दिवशी हिची आई फाटकातच उभी होती. तापवायला जागाच मिळाली नाही.

मिस्त्री : काका, तोंडावर बोलतो, राग मानू नका. लेकीचं मन राखायला तुम्ही बायकोचा पाय पणाला लावलात.

बाबा : हो. ती माझ्यामुळे खाली पडली. म्हणून तर विकायला हो म्हटलं.

लेक : आणि मी आठवडाभर तुमच्या पायाला नावं ठेवत होते. आईसमोर, शेजाऱ्यांसमोर. एकदा तरी बोलायचं होतंत.

बाबा : पाय माझा आहे. त्याला कुणी काही म्हटलं तर चालतं मला.

मिस्त्री : बरं, आता ऐका. साधे पॅड घालतो, गार असतानाही धरणारे. डिस्क घासून घेतो. दोन तास लागतील. नंतर मोकळ्या रस्त्यावर न्यायची, साठवरून वीसवर आणायची, असं आठ-दहा वेळा. पूर्ण थांबवायची नाही. पॅड डिस्कवर नीट बसले की झालं.

लेक : गिऱ्हाइकाला मी नको म्हणून कळवते. आणि आईशीही मीच बोलते.

बाबा : पॅड वाईट निघाले, एवढंच सांग. कुणी आणले ते कशाला?

लेक : पुरे, बाबा. सगळं सांगणार आहे. आता मला खरं सांगा, आणखी काय काय आहे असं? मी आणलेलं आणि तुम्ही चालवून घेतलेलं?

बाबा : काही नाही.

लेक : बाबा.

बाबा : तो निळा स्वेटर जरा टोचतो.

लेक : टोचू दे. आणखी?

बाबा : चष्मा छान आहे. हलका आहे अगदी.

लेक : पण?

बाबा : लांबचं तेवढं पुसट दिसतं.

मिस्त्री : काका, समोरच्या दुकानाच्या पाटीवर काय लिहिलंय?

बाबा : कुठल्या दुकानाच्या?

लेक : किल्ली माझ्याकडे द्या. गाडी विकत नाही आपण, घाबरू नका. हे दोन तास आहेत तोवर चष्म्याच्या दुकानात जाऊन येऊ. आणि तिथल्या माणसाने विचारलं, कसं दिसतंय, तर छान म्हणू नका.