अंगठ्याला बांधलेली दोरी

ताई, आमी सुरगाण्याकडचे, डोंगरातले. भात आन नागली निघाली की गाव रिकामं होतं, मुकादमाची जीप येती आन आमी खाली दिंडोरीकडं द्राक्षाच्या बागात, पार शिमग्यापर्यंत. माझ्या आईनं तेच केलं, मीबी तेच. शाळंच्या बोर्डाचा रंग सांगीन मी तुमाला, पन त्यावर काय लिवलंय ते नाय सांगता येनार. म्हनून माझा हट्ट, की थोरलीनं, मंजुळानं शिकायचंच. आन पोरगी लय हुशार व्हती, माझी म्हनून नाय सांगत.

मग रोहिदास झाला. मी मजुरीला गेल्यावर त्याला धरनार कोन? आमच्यात धाकल्याला थोरल्या पोरीनंच सांभाळायचं, ते काय कुनी सांगावं लागत नाय. आमची मंजी त्याला काखेत घिऊन शाळंच्या दारात उभी ऱ्हायची, खिचडी वाढली की तेवढी खायची. तवाच्या बाई, देव त्यांचं भलं करो, त्या म्हनल्या, दारात काय उभी, आत ये. माझ्याच लुगड्याची झोळी टांगली वर्गात, आन दोरी मंजीच्या पायाच्या अंगठ्याला. पायानं झोका, हातानं लिवनं. पोरगं गप झोपलेलं आन ही धडा वाचती! काय लागलं वो त्याला? एक दोरी आन एक चांगलं मानूस.

पन दिवाळी झाली, जीप आली. बागाजवळच्या शाळंत मीच घिऊन गेले तिला. गुरुजी म्हनले, मुलगी बसू द्या, बाळ नको, पोरांचं लक्ष जातं. मी म्हनलं, झोळी मी बांधून देते की. तर हसले. म्हनले, मावशी, ही शाळा हाय. अगं बाई! आन आमची काय गोठा व्हती का? पन परक्या गावात काय बोलनार, आले माघारी. दुसऱ्या लुगड्याची झोळी द्राक्षाच्या मांडवाखाली टांगली. पोरगं झोपलं की मुकादम म्हनायचा, रिकामी कशाला बसती, घड विरळायला कात्री द्या तिला. पुस्तक गाठोड्यातच ऱ्हायलं.

शिमग्याला गावी आलो तर बाईंची बदली झालेली, वर्गातली झोळीबी कुनी सोडून टाकलेली. नव्या सरांनी मंजीला वाचायला उभं केलं, तिला अक्षर लागंना, सगळी पोरं हसली. घरी आली आन म्हनली, आई, मला बागावरच ने. लय बोलले मी तिला. मग दोघी रडत बसलो.

आता रोहिदास मोठा झाला, बागाजवळच्या त्याच गुरुजींच्या शाळंत जातो. त्याच्या काखेत कुनी नाय ना, त्याला लगेच घेतलं! मंजी माझ्या बरोबरीनं कात्री चालवती. सांजच्याला तो मोठ्यानं धडा वाचतो, ही पीठ मळत ऐकती, आन काय सांगू तुमाला, तो वाचायला लागला की हिच्या पायाचा अंगठा आपोआप हालतो, पुढं-मागं, पुढं-मागं. तिला ते ठावं नाय, मीबी सांगत नाय. तुमची लेक शिकू दे ताई, लय शिकू दे. आमचीचं ऱ्हायलं ते ऱ्हायलंच.